"व्हेरिएबल म्हणजे डबा" या एका वाक्यात दोन रात्री अडकलो

लूप, फंक्शन, लिस्ट येतात असं धरतो, थेट मी जिथे आपटलो तिथे येतो.

एप्रिलात रत्नागिरीला काकांच्या आंब्यांचा हिशोब पायथनमध्ये बसवत होतो. पेट्या, दर, गिऱ्हाईक, एवढंच. मला शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलेलं, व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात वस्तू ठेवायची. कालच्या दरांची लिस्ट होती, दर उतरलेला, म्हणून लिहिलं आजचे = कालचे आणि आजच्यात पाच डझनी पेटीचा दर बदलला. माझ्या डोक्यात दोन डबे. संध्याकाळी काकांनी कालचं बिल परत काढायला सांगितलं तर त्यात आजचा दर! दोन रात्री बेरजा तपासत बसलो, चूक बेरजेत नव्हतीच. शेवटी दोन्हींचा आयडी, म्हणजे पायथन प्रत्येक वस्तूला देतो तो ओळख-आकडा, प्रिंट केला, एकाखाली एक लांबलचक आकडे, शेवटच्या अंकापर्यंत सेम. लिस्ट एकच, नावं दोन. घरी बाब्या म्हणा नाहीतर शाळेच्या रजिस्टरातलं नाव घ्या, ओ देणारा पोरगा तोच.

हे लवकर कळत नाही कारण आकड्यांशी डबा चालून जातो. अ = ५, ब = अ, मग ब = ब + १ केलंत तरी अ पाचच राहतो, वाटतं डबेच आहेत की. खरं तर ब हे नाव उचलून सहाला लावलं गेलं, पाचाला कोणी हात लावला नाही. लिस्टमध्ये आपण नाव हलवत नाही, आतला माल बदलतो. मग वेगळी लिस्ट हवी असेल तर कॉपी करा, पण लिस्टच्या आत लिस्ट असेल तर साध्या कॉपीत आतली तीच राहते, तिथे आतलंही सगळं नव्याने बनवणारी डीपकॉपीच लागते.

व्हेरिएबल डबा की नाव, यावर लोक ऑनलाइन तासन् तास भांडतात आणि बऱ्याचदा दोघंही बरोबर असतात, कारण एकाच्या डोक्यात सी ही भाषा असते. सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांकाचं व्हेरिएबल, म्हणजे मेमरीतली जागाच, एकातून दुसऱ्यात टाकला की खरोखर कॉपी होते. तिथे डबा बरोबरच आहे. पण कुठल्या भाषेबद्दल बोलताय हे आधी विचारतो कोण!

टेक्निकल डेट, म्हणजे कोडवरचं कर्ज, या उपमेचंही लोकांनी तेच केलंय. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने १९९२ मध्ये ही कर्जाची उपमा दिली ती आज जेवढं समजलंय त्यावर सॉफ्टवेअर द्या, समज वाढेल तसा कोड सुधारून फेडा, या अर्थाने. वाईट कोड लिहायची ती मुभा नव्हती, हे त्याने २००९ मध्ये स्वतः सांगितलं. तरी "कर्ज सगळेच काढतात" म्हणून वाटेल तो कोड खपवतात.

प्रत्येक प्रश्नाला उपमा देणारा आणि कोड कधीच चालवून न दाखवणारा मेंटर असेल तर सरळ सोडा त्याला. दहा मिनिटांच्या व्हिडिओंचंही मला हेच वाटतं. पण गोंधळलात म्हणून डोकं कमी आहे असं अजिबात समजू नका, सुरुवातीला उपमा लागतेच, मलाही लागली. फक्त ती कुठे तुटते ते विचारा.

आज रात्रीच लिस्टमध्ये लिस्ट घ्या, कॉपी करा, आतला एक आकडा बदला आणि दोन्ही छापून बघा. अडलात तर विचारा, पण कोडसकट.