'स्वतः' शाबूत ठेवून विसर्ग बदलायचा तर

दिवाळी अंकाची पानं लावताना माझा सगळ्यात जास्त वेळ विसर्ग खातो. लेखक मंडळी 'वेळः ५ वाजता', 'साहित्यः' असं बिनधास्त टाइप करून पाठवतात. हवा असतो कोलन. एका वर्षी मी साध्या फाइंड-चेंजमध्ये विसर्गाच्या जागी कोलन घातला आणि 'चेंज ऑल' दाबलं. शेकड्यांनी बदल झाले, मी खूश. दुसऱ्या दिवशी मुद्रितशोधक बाईंनी प्रूफ टेबलावर ठेवलं. दुःख, अंतःकरण, स्वतः, सगळीकडे कोलन. कवितांचं पान तर बघवत नव्हतं.

तेव्हापासून ग्रेप (GREP), म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी खुणांच्या भाषेत मजकुराचा नमुना शोधायची सोय. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबलं की 'टेक्स्ट'च्या शेजारी हा टॅब असतो. २००७च्या सीएस३ आवृत्तीपासून आहे, तरी कित्येक ऑपरेटर तिकडे फिरकतही नाहीत.

'फाइंड'मध्ये हे टाका, आणि 'चेंज टू'मध्ये नुसता कोलन:

(?<!स्वत)ः(?= *[०-९])

उजवीकडून वाचा. चौकोनी कंसात शून्य ते नऊपैकी कुठलाही अंक. त्याआधी जागा आणि तारा, म्हणजे स्पेस असली तरी चालेल, नसली तरी चालेल. ?= म्हणजे 'पुढे हे आहे का बघ, पण हात लावू नको'. डावीकडचं ?<! म्हणतं, मागे 'स्वत' असेल तर सोडून दे. नाहीतर 'स्वतः २ दिवस राबलो' बिघडतं. एकटा विसर्ग खिडकीत ठिपक्यांच्या गोलासकट दिसेल, घाबरू नका.

'साहित्यः' सारख्या उपशीर्षकांना ः *$ पुरतं ($ म्हणजे परिच्छेदाचा शेवट), पण आधी 'फाइंड फॉरमॅट'मध्ये उपशीर्षकाची पॅराग्राफ स्टाइल (परिच्छेदाचा ठरवून ठेवलेला साचा) निवडा. कविता मी आजही हातानेच बघतो.

वर्षांमधल्या आखूड रेघेसाठी (?<=[०-९])-(?=[०-९]) शोधा, 'चेंज टू'मध्ये – ठेवा. १९७१-७२चं १९७१–७२ होईल. फोन नंबरही बदलतील, म्हणून जाहिरातींची पानं वगळा.

खरी मजा ग्रेप स्टाइलची, म्हणजे नमुना जुळेल तिथे आपोआप लागणाऱ्या स्टाइलची. पाककृतींच्या पानात मापं ठळक हवी होती, पन्नासेक पाककृती. पॅराग्राफ स्टाइल ऑप्शन्समध्ये 'ग्रेप स्टाइल', तिथे 'न्यू', आणि 'टू टेक्स्ट'मध्ये:

[०-९½¼¾]+ (वाट्या|वाटी|चमचे|चमचा)

'अप्लाय स्टाइल'मध्ये ठळक कॅरेक्टर स्टाइल. आता लेखिकेने ऐनवेळी '२ वाट्या'चं '३ वाट्या' केलं तरी ठळकपणा आपोआप राहतो. मला परत हात लावावा लागत नाही.

पहिलं अक्षर रंगवताना मात्र नुसतं ^. (परिच्छेदाची सुरुवात आणि कुठलीही एक खूण) टाकू नका. ग्रेपच्या हिशेबी 'कि' म्हणजे दोन खुणा, क आणि वेलांटी. रंग फक्त क ला लागतो. त्याऐवजी:

^[अ-ह]([ा-ौंँः]|्[क-ह])*

'स्त्री' अख्खी पकडते.

जमलेली क्वेरी, म्हणजे शोधाचा हा नमुना, वरच्या फ्लॉपीच्या चित्रावर टिचकी मारून सेव्ह करा, पुढच्या अंकाला तीच कामी येते. आणि [०-९] शोधून काहीच सापडत नसेल, तर मजकूर बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला आहे. तिथे 'क' दिसतो, पण आत रोमन अक्षर किंवा भलतंच चिन्ह बसलेलं असतं. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग ग्रेपकडे या.