कारसाठी सायकल रॅक निवडताना: खरा प्रश्न तिसऱ्या सायकलीचा

रॅकच्या खोक्यावर ‘३ सायकली’ असं ठळक छापलेलं असतं. ते रॅकच्या लोखंडाबद्दल असतं. तुमची गाडी आणि तुमच्या सायकली यांच्याबद्दल त्यात अवाक्षर नसतं. मी मागचा पट्ट्यांचा रॅक वापरला, छतावरचाही वापरला. पुण्याहून वाई, ताम्हिणी, दापोली असे हेलपाटे घालून झाल्यावर ‘तीन आरामात जातात हो’ म्हणणाऱ्या दुकानदारांवरचा माझा विश्वास उडाला. मोठ्यांच्या दोन सायकली कुठल्याही बऱ्या रॅकवर जातात. डोकं चालवावं लागतं ते तिसरीसाठी.

१. सायकलींचं वजन करा

अंदाज नको. सायकल उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. आमच्याकडे माझी रोड बाइक साडेनऊ किलो, बायकोची हायब्रिड १३ आणि मुलाची एमटीबी (माउंटन बाइक) १५, एकूण साडेसदतीस. ई-सायकल असेल तर छताचा विचार सोडून द्या. वीस-बावीस किलोचं धूड डोक्यावरून वर चढवताना पाठ धरते.

२. गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा

छतावर किती भार चालतो ते त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या छतावरच्या रेल, म्हणजे कडेच्या उभ्या दांड्या, शोभेच्या आहेत का, हेही तिथेच कळतं. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांच्या रेल नुसत्या दिखाऊ असतात. पुस्तकात उल्लेख नसेल तर कंपनी त्या मॉडेलसाठी स्वतःचे क्रॉसबार, म्हणजे छतावरचे आडवे दांडे, विकते का ते विचारा. विकत नसेल तर त्या रेलला काही अडकवू नका. जुन्या ओम्नीच्या छताला कडेने पन्हळ असायची, कॅरिअर तिला धरून बसायचा. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना ती नसते, त्यामुळे ‘आमच्या वेळी आम्ही बांधायचो’ हा सल्ला आता निरुपयोगी आहे.

३. प्रकार ठरवा

अमेरिका-युरोपात राहत असाल आणि गाडीला हिच (मागे ट्रेलर ओढायचा आकडा) असेल तर त्यावर बसणारा, सायकली खालून चाकांवर उभ्या ठेवणारा प्लॅटफॉर्म रॅक घ्या, विषय संपला. इथे बहुतेक गाड्या हिचशिवाय येतात. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून हिच लावून घेणं म्हणजे गाडीची वॉरंटी स्वतःच्या हाताने घालवणं. थारसारखं मागच्या दारावर स्टेपनी असलेलं वाहन असेल तर स्टेपनीवर बसणारा रॅक बघा, दोन सायकलींना तो उत्तम. रबरी चोषकांवर छताला चिकटणारे रॅकही मिळतात, पण आपल्या धुळीत आणि उन्हात मी माझी सायकल त्यांच्या हवाली करणार नाही. उरले दोनच: मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा आणि छतावरचा.

४. आता तिसरी सायकल

माझी चूक इथेच झाली. हॅचबॅक होती, रॅक पट्ट्यांचा, खोक्यावर ‘३’. ताम्हिणी उतरून माणगावला चहाला थांबलो आणि मागे जाऊन बघतो तर वरचे पट्टे सैल पडून रॅक चांगला चार बोटं खाली आला होता. एमटीबीचं पुढचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर लोंबत होतं, टायरची कड मेणासारखी मऊ झाली होती. दाराच्या पत्र्याला, रॅकचे पाय टेकतात तिथे, पोचा. रॅक तुटला नव्हता. कंपनीच्या लेखी त्याने आपलं काम चोख केलं होतं!

असं का होतं? भरलेली बादली अंगालगत धरा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांदा बोंबलतो. दारापासून पहिली सायकल साधारण २० सेंमीवर, दुसरी ३५ वर आणि तिसरी ५० वर येते. प्रत्येकी १४ किलो धरलं तर पहिल्या दोघींचा ओढा १४ गुणिले ५५ (२० अधिक ३५), म्हणजे ७७०. तिसरीचा एकटीचा १४ गुणिले ५०, म्हणजे ७००. म्हणजे तिसरी सायकल चढवली की वरच्या पट्ट्यांवरचा ताण जवळजवळ दुप्पट होतो, आणि गतिरोधकावर तर आणखी. हा सगळा ताण दाराच्या कडेत अडकवलेल्या दोन-चार हुकांवर येतो. ती कड पत्र्याची असेल तर ठीक. प्लॅस्टिकचा स्पॉयलर किंवा काचेची कड असेल तर एक सायकलसुद्धा लावू नका.

म्हणून माझं ठाम मत: पट्ट्यांच्या रॅकवर मोठ्यांच्या दोनच सायकली. जड सायकल दाराला लागून, हलकी बाहेर. लोक नेमकं उलटं करतात, कारण जड सायकल शेवटी चढवणं सोपं वाटतं.

‘मग छतावर तीन लावू’ हा पुढचा मोह. नव्या गाडीच्या पुस्तकात छताची मर्यादा ५० किलो होती. दुकानदाराने सायकलींची बेरीज केली, साडेसदतीस, आणि म्हणाला, बसतंय की! पण त्या पन्नासात रॅकही धरायचा असतो. क्रॉसबार सहा किलो, त्यांवर बसणारे, एकेक सायकल धरणारे तीन कॅरिअर प्रत्येकी चार म्हणजे बारा. झाले अठरा. उरले बत्तीस. साडेपाच किलोने गणित फसलं. पुस्तकात ७५ लिहिलं असतं तर तीन सायकली खुशाल नेल्या असत्या.

वजन जमलं तरी रुंदीचा प्रश्न राहतो. एमटीबीचं हँडल बऱ्याचदा पाऊण मीटरच्या आसपास रुंद असतं, ते शेजारच्या सायकलीच्या सीटवर आदळतं. सायकली आलटूनपालटून लावा, एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे. तरी अडलं तर सीट खाली करा. हे सगळं पैसे देण्याआधी दुकानासमोर करून बघा. तीनही सायकली घेऊन जा, लाजू नका. त्या नेता येत नसतील तर क्रॉसबारची मोकळी लांबी आणि तिन्ही हँडलं टेपने मोजून न्या.

मी शेवटी काय केलं? छतावर दोन कॅरिअर आणि तिसरी सायकल आत. मागच्या सीटचा मोठा भाग पाडायचा, दोन्ही चाकं काढायची, खाली जुनी चादर, चेन वरच्या बाजूला. माणसं तीनच असतील तर याहून स्वस्त आणि सुरक्षित उपाय मला सापडलेला नाही. माणसं चार आणि सायकलीही चार असतील तर रॅकच्या नादी लागू नका, दुसरी गाडी काढा.

५. सायकल कुठे धरायची

कार्बन फ्रेम असेल तर दांडा पकडणारा चिमटा नको, चाक पकडणारा घ्या. पुढचं चाक काढून फोर्क (चाक धरणारा दुपाखी दांडा) अडकवायचा असेल तर ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, बघून घ्या: खटका ओढून चाक सुटणाऱ्या जुन्या क्विक रिलीजला ९ मिमीची पकड लागते, डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींना बहुधा १२ किंवा १५ मिमीचा थ्रू ॲक्सल (फोर्कमधून आरपार जाणारा जाड आस) असतो. त्याला ॲडाप्टर वेगळा. आडवा दांडा नसलेली सायकल मागच्या रॅकवर टांगायला सीट आणि हँडल जोडणारा नकली दांडा मिळतो.

६. नंबर प्लेट

मागच्या रॅकने प्लेट किंवा दिवे झाकले तर पोलीस थांबवतात, आणि त्यांचं बरोबर असतं. हाय सिक्युरिटी प्लेट पक्क्या लॉकने बसवलेली असते, ती काढून रॅकवर लावता येत नाही. पुठ्ठ्यावर नंबर लिहिण्याचा विनोद करू नका. रॅकच असा निवडा की सायकली प्लेटच्या वर राहतील.

७. निघाल्यावर

दहा किलोमीटरवर थांबून पट्टे ओढा, पावसात पुन्हा ओढा. वेग ८० च्या आत. छतावर सायकली असतील तर गाडीची उंची अडीच मीटरच्या पुढे जाते आणि सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग बऱ्याचदा सव्वादोन मीटरचंही नसतं. दिवसभर सायकल चालवून, रात्री अकराला, अर्धवट झोपेत घरी येताना हे आठवत नाही. मी स्टिअरिंगवर ‘वर सायकली’ अशी चिठ्ठी चिकटवतो.