देवणी कालवड प्रदर्शनासाठी तयार करताना

देवणी या गाईच्या जातीची कालवड निवडताना वानेरा, बालंक्या आणि शेवरा या तीन रंगप्रकारांपैकी ती कशात बसते हे आधी पाहावे आणि तिच्या आईच्या दुधाच्या नोंदी तपासाव्यात. नुसत्या देखणेपणावर भाळू नये. कानातला बिल्ला व लसीकरणाचा दाखला हाताशी ठेवावा. खरी मेहनत चालीची असते: निदान दोन महिने आधीपासून रोज सकाळी दावे आखूड धरून तिला सावकाश चालवावे, मध्येच थांबवावे आणि अनोळखी माणसाला पाठीवरून, कासेजवळून हात फिरवू द्यावा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतल्या पशुप्रदर्शनाच्या गर्दीत परीक्षक जवळ आले तरी ती बुजत नाही. शिंगांना तेल फासण्यापेक्षा (तरुण मुले नेमका त्यातच वेळ घालवतात) नियमित खरारा करावा, म्हणजे ब्रशने अंग घासून साफ करावे. प्रदर्शनाच्या सकाळी तिला पाणी भरपूर पाजावे, मात्र नवा चारा घालू नये.