बाळासाठी धुऊन वापरायचे कापडी वाइप्स : मुंबईच्या घरात ते कसे जमवावे

बाळाला पुसण्यासाठी पाकिटातल्या वाइप्सऐवजी कापडी फडकी वापरायचे ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा कापडाची होते. मुंबईपुरता हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. सुती कापड कोणतेही चालते. अडते ते वाळवण्यापाशी. दिवसाला वीस-पंचवीस फडकी धुऊन ती दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडी मिळतील अशी जागा घरात आहे का, ती रोज कोण धुणार आणि नळाला पाणी कोणत्या वेळेत येते, या तीन गोष्टी आधी ठरवल्या तर उरलेले सगळे सोपे आहे. त्या न ठरवता महागडा संच आणला, तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो कपाटात जातो आणि पाकीट परत येते.

पाकिटातला वाइप कागदासारखा दिसतो, पण बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे तंतू व्हिस्कोजबरोबर दाबून तो बनवलेला असतो. महिनोन्‌महिने ओला राहूनही त्याला बुरशी येऊ नये म्हणून त्यातल्या पाण्यात परिरक्षके घालावी लागतात आणि अनेक प्रकारांत सुगंधही असतो. पुष्कळ बाळांना याचा काहीच त्रास होत नाही. ज्यांच्या त्वचेवर पुरळ लवकर उठते त्यांना मात्र ते चुरचुरते. निरोगी बाळाला साधे पाणी आणि मऊ सुती कापड पुरते. खर्चाचा अंदाज प्रत्येकाने स्वतःच करावा : नवजात बाळाचे लंगोट किंवा डायपर दिवसाला आठ ते बारा वेळा बदलावे लागतात, आणि दर वेळी दोनच वाइप धरले तरी 72 चे पाकीट तीन ते साडेचार दिवसांत संपते, म्हणजे महिन्याला सात ते दहा पाकिटे.

कापड आणि त्याचे माप

जुनी सुती साडी, धोतर, पंचा, वापरून मऊ झालेली चादर, बनियनचे होजिअरी कापड, यांपैकी काहीही घरात असेल तर नवीन कापड विकत घेण्याची घाई करू नये. अनेकदा धुतलेले सुती कापड नव्यापेक्षा जास्त पाणी शोषते. तरीही एक फरक लक्षात घ्यावा. मलमल किंवा जुन्या साडीसारखे गुळगुळीत, पातळ कापड तोंड, मान आणि हात पुसायला उत्तम असते, पण शी पुसताना ते ती उचलून न घेता पसरवते. त्यासाठी फलालीन बरे, कारण त्याच्या लवेत मळ अडकतो. टर्किश टॉवेलचे तुकडे याहूनही चांगले पुसतात, पण मुंबईच्या दमट हवेत ते इतक्या सावकाश वाळतात की मी ते सुचवणार नाही. दुहेरी शिवलेल्या जाड फडक्यांची गोष्टही तीच. एकेरी फलालीन ढुंगणासाठी आणि एकेरी मलमल तोंडासाठी, एवढ्यावर काम भागते.

विकत घ्यायचे असेल तर मंगलदास मार्केट किंवा दादरच्या हिंदमाता परिसरात कटपीस पाहावेत. ‘कॉटन’ म्हणून दिलेल्या कापडात पॉलिएस्टर मिसळलेले असू शकते. नव्या कापडावर खळ असल्यामुळे पाणी आधी त्यावर तरंगते, म्हणून दुकानात परीक्षा घेण्यात अर्थ नाही. घरी दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन मग त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब लगेच शोषला गेला तर कापड कामाचे आहे. या धुण्यात कापड आटतेही, त्यामुळे कापायचे ते नंतरच.

20 सेंटिमीटरचा चौकोन हातात नीट बसतो आणि एकदा घडी घालून दोन्ही बाजू वापरता येतात. कोरड्या महिन्यांत एक संच वापरात आणि एक दोरीवर, असे दोन दिवसांचे 50 तुकडे पुरतात. पावसाळ्यात वाळायला आणखी एक दिवस धरावा लागतो, म्हणून 75 असावेत. 44 इंच पन्ह्याच्या सव्वातीन मीटर कापडातून, आटणे धरूनही, तेवढे तुकडे निघतात. बाळ मोठे होईल तसे बदलण्याचे प्रमाण कमी होते, त्यामुळे याहून अधिक करून ठेवू नयेत.

कडा शिवणे मात्र टाळू नये. शिंप्याकडून इंटरलॉक करून घ्यावे किंवा घरी झिगझॅग शिलाई मारावी. सुटलेला धागा बाळाच्या हाता-पायाच्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो, आणि बोट लाल होऊन सुजेपर्यंत तो दिसत नाही. होजिअरीचे कापड उसवत नाही, त्याला शिलाई लागत नाही. कडांसाठी दोन रंगांचा दोरा वापरला, म्हणजे तोंडाची फडकी एका रंगाची आणि ढुंगणाची दुसऱ्या, तर घरातल्या आजीपासून पाळणाघरातल्या ताईपर्यंत कोणाचाही घोटाळा होत नाही.

पुसण्याची पद्धत

फडकी कोरडीच ठेवावीत आणि वापरताना ओली करावीत. सकाळी डबा भरून ओली फडकी तयार ठेवण्याची कल्पना सोयीची वाटते, पण आपल्या पाण्यात परिरक्षक नसते आणि हवा उष्ण-दमट असते. असा डबा भरायचाच असेल तर उकळून गार केलेले पाणी वापरावे आणि रात्री उरलेली फडकी न वापरता धुण्यात टाकावीत. त्यापेक्षा वाटीभर ताजे पाणी सोपे. रात्रीसाठी लहान थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवले की स्वयंपाकघरात जावे लागत नाही. पाण्यात जंतुनाशक, गुलाबपाणी, सुगंधी तेल किंवा साबण यांपैकी काहीही घालू नये.

शी झाली असेल तर आधी लंगोटाच्या किंवा डायपरच्या स्वच्छ भागानेच जमेल तेवढी काढून घ्यावी, मग ओल्या फडक्याने पुढून मागे पुसावे. मुलींच्या बाबतीत ही दिशा कधीही उलटी करू नये, कारण शीतले जंतू मूत्रमार्गाकडे जातात. मुलांच्या शिश्नाची पुढची त्वचा मागे ओढून साफ करण्याची गरज नसते. बाहेरून पुसणे पुरेसे आहे. मांड्यांच्या वळ्या उघडून पाहाव्यात. शेवटी कोरड्या फडक्याने टिपावे, घासू नये. कापडी लंगोट असोत वा डायपर, ओलसर त्वचा बंद केली की पुरळ लवकर येते.

जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतली काळपट हिरवी शी डांबरासारखी चिकटते. तिच्यासाठी कापडावर थोडे खोबरेल तेल घ्यावे, ती सहज सुटते. या दोन दिवसांसाठी अगदी जुनी, टाकून द्यायची फडकी बाजूला काढावीत. डोळे पुसताना नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर पुसावे आणि प्रत्येक डोळ्याला वेगळे फडके घ्यावे.

धुणे

वापरलेली फडकी भिजत घालून ठेवू नयेत, ही जुन्या सवयीपेक्षा वेगळी सूचना आहे. भिजवलेल्या बादलीतले पाणी काही तासांत नासते, आणि रांगणारे बाळ घरात असेल तर पाण्याची बादली हा खरा धोका आहे. अगदी थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते. झाकणाची कोरडी बादली ठेवावी आणि फडकी रोज, फार तर एक दिवसाआड धुवावीत.

शीची फडकी बादलीत टाकण्यापूर्वीच विसळायची. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात सहज विरघळते; सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की ती घट्ट होते आणि आधी झटकून काढावी लागते. दोन्ही वेळा ती संडासात गेली पाहिजे, मोरीत नाही, कारण एका खोलीच्या घरात त्याच मोरीत भांडीही घासली जातात. संडासातल्या जेटने हे काम क्षणात होते. चाळीत संडास सामाईक असेल तर झाकणाच्या बादलीतून नेऊन तिथेच विसळावे. हे विसळणे घरच्यांनीच करावे. धुण्याला येणाऱ्या मावशींच्या कामात ते न विचारता ढकलले जाते, आणि पहिल्या महिन्यातली भांडणे बहुतेक यावरूनच होतात. रात्रीच्या वेळी ते बाळाच्या बाबांकडे सोपवणे हा माझ्या मते सर्वांत न्याय्य उपाय आहे.

विसळण्याचे पाणी गारच हवे, कारण गरम पाण्याने डाग पक्के बसतात. त्यानंतर मात्र गरम पाणी लागते. मशीनमध्ये 60 अंशांची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर गिझरचे गरम पाणी आणि साबण यांत अर्धा तास ठेवून मग धुवावे. साबणाची पावडर नेहमीपेक्षा कमी घालावी आणि एकदा जास्त खळबळावे, कारण कापडात उरलेला साबण त्वचेला चुरचुरतो. तानसा, भातसा, वैतरणा या तलावांचे पाणी तुलनेने मऊ असते, त्यात कमी साबणात फेस होतो. सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल तर साबण नीट निघत नाही आणि फडकी कडक होतात. अशा वेळी शेवटचे एक पाणी नळाचे घ्यावे. कापड मऊ करणारे सुगंधी द्रव घालू नयेत. त्यांचा थर बसतो आणि शोषण कमी होते. झिंकचे मलम लागलेली फडकीही याच कारणासाठी वेगळी धुवावीत. ब्लीच रोज लागत नाही. बाळाला जुलाब किंवा बुरशीचे पुरळ झाले असेल तर धुतलेली फडकी दहा मिनिटे उकळावीत. पिवळे डाग राहिले तर ओले फडके उन्हात टाकणे हा सर्वांत स्वस्त आणि हमखास उपाय आहे.

पावसाळ्यातले वाळवणे

जून ते सप्टेंबर हे चार महिने ज्याने पार पाडले त्याची गाडी वर्षभर अडत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात फडकी दोन तासांत वाळतात, पण पावसाळ्यात बाहेरच्या दोरीचा भरवसा धरू नये. छताला टांगलेल्या, दोरीने खाली-वर होणाऱ्या दांड्या किंवा चिमट्यांचे गोल हँगर यांवर एका पंख्याखाली बरीच फडकी मावतात. मशीन नसले तरी शेजाऱ्यांच्या मशीनमध्ये नुसते पिळून घेण्याची सोय झाली तर वाळण्याचा निम्मा वेळ वाचतो. फडकी एकमेकांवर टाकू नयेत. मध्ये बोटभर अंतर हवे. जवळजवळ वाळलेल्या फडक्यांवरून गरम इस्त्री फिरवली की उरलेला ओलावाही जातो. कुबट वास येत असेल तर ते फडके पूर्ण वाळलेले नाही असे समजावे आणि पुन्हा गरम पाण्यातून काढावे.

दोन जुन्या सवयी इथे सोडाव्या लागतात. बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीवर किंवा धुरीवर फडकी वाळवली जातात. त्या धुराने बाळाच्या श्वसनमार्गाला त्रास होतो, आणि बंद खोलीत कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. दुसरी सवय कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांची. बाळाचे कोणतेही कापड नॅफ्थलीनच्या गोळ्यांबरोबर ठेवू नये. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या लाल पेशी नॅफ्थलीनच्या वाफेने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता आपल्याकडे आढळते आणि बहुधा ती आधी माहीत नसते.

घराबाहेर

पिशवीत दहा-बारा कोरडी फडकी, पाण्याची लहान स्प्रे बाटली आणि वापरलेल्या फडक्यांसाठी चेन असलेली जलरोधक पिशवी एवढे घेतले की काम होते. लोकलच्या गर्दीत बाळाचे बदलणे शक्य नसते, म्हणून निघण्यापूर्वी आणि उतरल्यावर बदलण्याची वेळ धरावी. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असेल तर तिथे आडोसा मिळतो. पाळणाघरात सोडणार असाल तर ओली पिशवी सांभाळायला ते तयार आहेत का, हे प्रवेशाआधीच विचारावे. तयार नसतील तर तेवढ्या वेळापुरते पाकीट द्यावे.

पाणीकपातीचे दिवस, लांबचा प्रवास किंवा घरात सगळेच आजारी असणे, अशा वेळी पाकीट वापरण्यात काही गैर नाही, बिनसुगंधी निवडावे. पुरळ काही दिवसांत कमी झाले नाही, लाल भागाभोवती बारीक पुटकुळ्या पसरल्या, पू किंवा ताप दिसला, तर वाइप बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावे. वापरलेला पाकिटातला वाइप पुड्यावर काहीही छापलेले असले तरी संडासात टाकू नये, कारण तो पाण्यात विरघळत नाही आणि जुन्या इमारतींचे पाइप त्याने तुंबतात; कागदात गुंडाळून, ओल्या कचऱ्यात न मिसळता द्यावा.