अभ्यासिकेत नव्याने येणाऱ्यांसाठी : वाचलेलं लक्षात ठेवायचं कसं

अमळनेर, पारोळा, धरणगावकडची कितीतरी मुलंमुली दरवर्षी स्पर्धा परीक्षांसाठी जळगावात खोली घेतात, अभ्यासिकेची फी भरतात आणि महिनाभरात एकच तक्रार करायला लागतात. "ताई, वाचताना सगळं समजतं हो, पण दोन दिवसांनी पाटी कोरी." मी याच वाटेने जाऊन तलाठी झाले. आता सुट्टीला गावी गेले की पोरं वह्या घेऊन ओट्यावर येऊन बसतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे : वाचून गोष्ट डोक्यात जाते, पण ती पक्की होते पुस्तक मिटून आठवायला बसल्यावर. आणि हे आठवण्याचं काम करणारा मेंदू शरीराचाच भाग आहे. झोप, पाणी, जेवण, चालणं हे अभ्यासाबाहेरचं समजू नका.

अभ्यासिकेत नजर टाकली तर बहुतेकांच्या हातात रंगीत मार्कर दिसेल. तेच प्रकरण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा वाचणं चाललेलं असतं. त्यातून मिळते ती ओळख. ओळ डोळ्यासमोर आली की "हे येतं मला" असं वाटतं, पण परीक्षेत ओळ समोर नसते. २००६ मध्ये अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहिलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं : आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे त्या दिवशी रात्री आलेला आत्मविश्वास काही सांगत नाही, आठवड्याने काय उरलं ते बघा.

करायचं काय? एक घटक वाचा, पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि आठवेल ते लिहून काढा. पंचायत राजचंच घ्या. बलवंतराय मेहता समिती १९५७, वसंतराव नाईक समिती १९६०, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा १९६१, अंमल १ मे १९६२ पासून, ७३वी घटनादुरुस्ती १९९२, लागू २४ एप्रिल १९९३, अकरावी अनुसूची, २९ विषय. अडाल तिथे जागा रिकामी सोडा, पण लगेच पुस्तक उघडू नका. मिनिटभर डोकं खाजवा. ती अडचण नकोशी वाटते, पण खरं काम त्याच मिनिटात होतं. मग पुस्तक उघडून फक्त राहिलेलं लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी अभ्यास लाल अक्षरांपासून सुरू करा.

उजळणी कधी करायची, हा पुढचा प्रश्न. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस नावाच्या माणसाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते मांडले. पाठ केल्यावर तासाभरातच अर्ध्याहून जास्त निसटत होतं, नंतर मात्र निसटण्याचा वेग मंदावत होता. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढच्या उजळण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. यासाठी मी चिठ्ठ्या वापरल्या. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, आणि बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, शेवटचा महिन्यातून एकदा. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये ही रीत मांडली. आता मोबाइलवर त्याची ॲप्स आहेत, पण मोबाइल हातात घेतला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. अभ्यासिकेत लॉकर असेल तर तो आत ठेवा. लक्षच दिलं नाही ते लक्षात राहणार कुठून?

आमच्या गल्लीत कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या, रात्री बायका एकामागून एक गाणी म्हणतात. कितीजणींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही आणि समोर वही नसते. लहानपणापासून ऐकायचं, मोठ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणायचं, अडलं की शेजारणीने पुढची ओळ उचलायची, आणि दर श्रावणात हे पुन्हा. मोठ्याने म्हणणं, चाल, क्रम, अंतराने उजळणी, सगळं त्यात आलं. आपल्या घरातल्या या बायकांची स्मरणशक्ती देवाची देणगी म्हणून सोडून देऊ नका, त्यांची रीत उचला. समित्यांची यादी मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा, दोघींनी मिळून म्हणा.

क्रमाने लागणाऱ्या गोष्टींसाठी गावाचा रस्ता वापरा. राज्यघटनेतले पंचायतींचे २४३ ए, बी, सी असे अनुच्छेद सगळ्यांनाच छळतात. मी ते आमच्या गावात मांडले. गावदरवाजात ग्रामसभा भरली आहे, ती २४३ ए. आत आल्यावर मारुतीच्या पारावर पंचायतीची स्थापना चालली आहे, २४३ बी. पिठाच्या गिरणीत जातं उघडून त्याचे भाग मांडले आहेत, म्हणजे रचना, सी. एसटीच्या थांब्यावर राखीव जागेसाठी गर्दी, म्हणजे आरक्षण, डी. शाळेच्या भिंतीवर पाच काट्यांचं भलंमोठं घड्याळ, म्हणजे पाच वर्षांची मुदत, ई. असं करत निवडणुकांच्या २४३ के पर्यंत गावाबाहेर पडता येतं. चित्र जितकं विचित्र तितकं चांगलं. जागांची आठवण माणसाला मुळातच घट्ट असते. लंडनच्या टॅक्सीचालकांना तिथले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाने त्यांचे मेंदू तपासले तेव्हा हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी जोडलेल्या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी आढळली.

इतिहासालाही आपल्या मुलखात खुंटी मिळते. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला झालं. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार हुतात्मा झाला, म्हणजे ८ ऑगस्टच्या 'चले जाव' ठरावानंतर महिन्याभराने. जवळच्या एका तारखेला दूरच्या चार तारखा बांधता येतात.

आणि शिकलेलं घरी समजावून सांगा, तेही अहिराणीत. पुस्तकी मराठीत वाक्यं जशीच्या तशी म्हणून वेळ मारून नेता येते. पण आजीने "हाई काय शे?" विचारल्यावर वित्त आयोग सांगायचा म्हणजे तो आधी तुम्हाला कळलेला असावा लागतो. ती "माले समजनं नही" म्हणाली की पुन्हा पुस्तकाकडे जायचं.

आता शरीराकडे येते. रात्री अकराला चहाच्या टपरीवर जाऊन दोनपर्यंत बसणं ही अभ्यासिकेतली मोठी फॅशन आहे, आणि मला तिचा मनापासून राग येतो. दिवसभर वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसाचे धागे पुन्हा घोळवतो आणि ते मेंदूच्या बाहेरच्या थरात मुरतात. झोप कापली की वाचलेल्यातलंच कापलं जातं. मोठ्या माणसाला सात ते नऊ तास झोप लागते. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास जातात, म्हणून शेवटचा चहा दुपारचा.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा धरावा लागतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत दुपारी डोकं चालत नाही. तो आळस नसतो. अंगातलं पाणी कमी झालं की लक्ष आधी ढळतं. अवघड विषय पहाटे, दुपारी चिठ्ठ्या किंवा डुलकी, संध्याकाळी सराव प्रश्न. पाण्याची बाटली टेबलावर, आणि तहान लागायची वाट बघायची नाही.

खाण्यात जादू नाही. स्मरणशक्तीच्या टॉनिकवर पैसे घालू नका. कळण्याची भाकरी, पालेभाजी, डाळ, शेंगदाणे, दही, वेळेवर. एक गोष्ट मात्र तपासून घ्या, जीवनसत्त्व बी-१२. ते दूध-दही, अंडी, मासे, मटण अशा प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळतं आणि आपल्याकडे माळकरी, शाकाहारी घरं खूप. ते कमी पडलं तर थकवा, हातापायांना मुंग्या आणि विसरभोळेपणा येतो. माझी आई गॅसवर दूध ठेवून विसरायची, तेच तेच विचारायची. घरात सगळे म्हणाले, वय झालं. डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, बी-१२ फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आणि काही महिन्यांत ती पुन्हा भिशीचा हिशोब तोंडी ठेवू लागली. सगळ्यांचं कारण हेच असेल असं नाही, पण रक्त तपासल्याशिवाय "वय झालं" म्हणू नका.

रोज चाला. जळगावातल्या मेहरुण तलावाच्या कडेने सकाळी चालणारे बहुतेक पन्नाशीपुढचे दिसतात, तुमच्या वयाचेही दिसायला हवेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालण्यापर्यंत नेलेल्या वयस्कर लोकांचा हिप्पोकॅम्पस वर्षात सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला होता. चालताना मनात चिठ्ठ्या घोळवता येतात, तो वेळ वाया जात नाही.

सुट्टीत घरी गेलात की आईवडिलांचा रक्तदाब आणि साखर मोजून घ्या, ऐकू कमी येत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे न्या, आबांची तंबाखू-बिडी सुटते का बघा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण बदलता येणारी १४ कारणं दिली आहेत. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, धूम्रपान, एकटेपणा ही त्यातलीच. जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश या कारणांशी जोडलेले आहेत. कानाला यंत्र लावायला आपल्याकडे माणसं लाजतात. ऐकू येईना की ती पारावर बसणं सोडतात, बोलणं सोडतात. त्यांच्याशी तुम्हीच बोला, यंत्र लावून द्या आणि पहिले काही दिवस सोबत पारावर जाऊन बसा.