नाव घातलेल्या शौर्यपदकाची पारख: नव्या संग्राहकांसाठी काही अनुभव

शौर्यपदके जमवायला लागलेल्या माणसाला बहुधा पहिली धास्ती बनावट पदकाची असते. माझ्या अनुभवात ओतीव नक्कल ओळखणे फारसे कठीण जात नाही. राजाच्या चेहऱ्यावरचे केस आणि दाढी बोथट दिसतात, सपाट भागावर बारीक खड्डे असतात आणि साच्यात धातू आकसल्यामुळे पदक अस्सलापेक्षा किंचित लहान भरते. खरा घोटाळा असतो तो टांकसाळीतून निघालेल्या अस्सल पदकावर नंतर घातलेल्या नावात. शौर्यपदकाची किंमत धातूत नसते, ती त्या नावात असते, म्हणून लबाडीही तिथेच केली जाते. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः मराठा पलटणींच्या ब्रिटिशकालीन पदकांविषयी आहे, कारण माझा संग्रह त्यांचाच आहे.

सुरुवात पदकाच्या कडेपासून करावी. कडेवरचे नाव, ज्याला आम्ही संग्राहक सरसकट 'नेमिंग' म्हणतो, ते दोन पद्धतींनी घातलेले असते. एका पद्धतीत प्रत्येक अक्षराचा पोलादी ठसा ठोकून अक्षर आत दाबले जाते. यात धातू बाहेर निघत नाही, त्यामुळे दहापट भिंगाखाली अक्षराचा तळ सपाट आणि खोली बहुतांशी सारखी दिसते. दुसऱ्या पद्धतीत कारागीर कोरणीने धातू कापत जातो, आणि रेघेच्या तळाशी निमुळती चीर, वळणावर हाताचा किंचित कंप आणि शेवटी निसटता टोकदार शेपटा दिसतो. नवखे संग्राहक यातून लगेच असा निष्कर्ष काढतात की ठोकीव नाव खरे आणि कोरीव नाव खोटे, आणि हा समज विकणाऱ्यांच्या फार उपयोगी पडतो. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या पदकांवरची नावे कोरीवच आहेत. १८५४ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलवर, म्हणजे मोहिमांतल्या सहभागाच्या पदकावर, आधीच्या मोहिमांत ठोकीव आणि नंतरच्या मोहिमांत धावत्या लिपीतले कोरीव नाव आढळते. उलट पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलवर कोरीव नाव दिसले, तर मी पदक खाली ठेवतो आणि आधी विक्रेत्याला चार प्रश्न विचारतो. १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलचे तर लंडन आणि कलकत्ता अशा दोन टांकसाळींचे नमुने आहेत, आणि पदक टांगण्याच्या कडीची घडण दोन्हींत वेगळी आहे. म्हणून त्याच पदकाचा, त्याच मोहिमेचा आणि शक्य तर त्याच पलटणीचा निर्विवाद अस्सल नमुना शेजारी ठेवल्याशिवाय अक्षरांविषयी मत देऊ नये. माझ्या मते नव्या संग्राहकाने पहिले पैसे शौर्यपदकावर न घालता साध्या मोहिमांच्या, नाव घातलेल्या स्वस्त पदकांवर घालावेत. त्यांच्यावर डोळा तयार होतो, आणि त्यांची नावे बदलण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, कारण त्यात कमाई नसते.

नाव बदलायचे तर आधीचे घासून काढावे लागते, आणि घासले की धातू कमी होतो. व्हर्नियर कॅलिपर या कामी भिंगाइतकाच उपयोगी आहे. ३६ मिलिमीटर व्यासाचे पदक चार-पाच ठिकाणी मोजावे. नाव असलेल्या बाजूला व्यास कमी भरला, किंवा कडेला सरळ पट्टी टेकवल्यावर मधे उजेडाची फट दिसली, तर तिथे कानस चालली आहे असे धरावे. भिंगाखाली जुन्या अक्षरांची भुतेही कधीकधी दिसतात, विशेषतः ठोकीव अक्षरांची, कारण ठशाच्या दाबाने आतला धातू घट्ट होतो आणि वरवर घासून त्याचा माग पूर्ण जात नाही. शिवाय अक्षरांच्या खाचेतला रंग पाहावा. शंभर वर्षे पेटीत पडलेल्या चांदीवर जो काळपट थर चढतो तो खाचेतही असायला हवा. बाहेर काळेपणा आणि खाचेत चकाकी, किंवा बाहेर चकाकी आणि खाचेत एकसारखी रसायनी काळी शाई, या दोन्ही गोष्टी खटकायला हव्यात. याच कारणासाठी विकत घेतलेले पदक ब्रासोने लखलखीत करण्याची घाई करू नये, कारण तुम्ही पुसता तो थर म्हणजे पुरावा असतो.

आता मजकुराकडे वळू, कारण अनेक लबाड्या भिंगाशिवाय, केवळ इतिहासाच्या माहितीवर उघड्या पडतात. इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, म्हणजे आमच्या बोलण्यातले आयडीएसएम, हे भारतीय सैनिकांचे शौर्यपदक १९०७ साली सातव्या एडवर्डच्या काळात सुरू झाले. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या नमुन्यावर राजाच्या चेहऱ्याभोवती 'कैसर-ए-हिंद' ही अक्षरे आहेत, तर १९३० नंतरच्या नमुन्यावर त्या जागी लॅटिनमधली सम्राटपदाची अक्षरे आली. तेव्हा मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) १९१६ सालच्या पराक्रमाचे म्हणून दाखवले जाणारे आयडीएसएम जर दुसऱ्या नमुन्याचे निघाले, तर नंतर दिलेल्या बदली पदकाचे कागद दाखवल्याखेरीज चर्चा पुढे नेण्यात अर्थ नाही. पलटणींची नावेही अशीच साक्ष देतात. पहिल्या महायुद्धात १०३, १०५ आणि ११० क्रमांकांच्या मराठा लाइट इन्फन्ट्री पलटणी आणि ११४, ११६, ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, ज्यात १०३ ची पहिली बटालियन आणि ११७ ची पाचवी बटालियन झाली. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. त्या वेढ्यातल्या शिपायाच्या पदकावर 'पाचवी मराठा' असा उल्लेख दिसला, तर नाव घालणाऱ्याने जुनी यादी न पाहता नवी पाहिली असा तर्क करता येतो. 'मराठा' हा शब्दही त्या काळच्या सरकारी इंग्रजीत मधे 'एच' आणि जोड 'टी' घालून लिहिला जात असे. आजच्या स्पेलिंगचे जुने पदक मला अजून तरी पटलेले नाही.

अक्षर आणि मजकूर उत्तीर्ण झाले तरी नोंद उरतेच. शौर्यपुरस्कार राजपत्रात जाहीर होत असल्याने लंडन गॅझेट आणि गॅझेट ऑफ इंडिया ही शोधाची पहिली ठिकाणे आहेत, आणि त्यांपैकी लंडन गॅझेट घरबसल्या विनामूल्य शोधता येते. तिथे नाव सापडले म्हणून हुरळून जाऊ नये. भारतीय शिपायांचे क्रमांक त्या काळी पलटणीपुरते असत, त्यामुळे एकच क्रमांक अनेक पलटणींत सापडतो; आणि रामा, बाळा, शिंदे, जाधव या नावा-आडनावांच्या जोड्या कोणत्याही मराठा पलटणीत डझनांनी असणार. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण हे चारही जुळले तरच जुळले म्हणावे. नावाच्या स्पेलिंगमध्ये एखाद्या अक्षराचा फरक मात्र मी सहसा माफ करतो, कारण मराठी नाव ऐकून इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखनिकाकडून तो सहज होई, आणि उलट सगळे अगदी काटेकोर जुळणारे पदक छापील यादीवरून बनवलेले असू शकते. लंडनमध्ये क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या युद्धदैनंदिन्यांत कधीकधी पुरस्कारांच्या याद्या जोडलेल्या असतात, आणि सैनिक युद्धात पडला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत त्याचा क्रमांक, पलटण आणि काही वेळा गावही मिळते. मेसोपोटेमियात पडलेल्यांच्या बसरा स्मारकाच्या यादीत सातारा आणि रत्नागिरीकडची गावे वाचताना शोधाचे काम बाजूला राहते, हेही सांगायला हवे.

सगळ्याच शौर्यपदकांवर सरकारी नाव नसते, हे नव्या संग्राहकाने आरंभीच जाणून घ्यावे. अधिकाऱ्यांना मिळणारा मिलिटरी क्रॉस विनानाव दिला जाई. दुसऱ्या महायुद्धातल्या क्रॉसच्या मागे खालच्या भुजेवर फक्त वर्ष असते. म्हणून एखाद्या अधिकाऱ्याची नाव घातलेली मोहीमपदके स्वस्तात घेऊन त्यांना बाजारातला सुटा, विनानाव पण अस्सल क्रॉस जोडायचा आणि संच तिप्पट किमतीला विकायचा, हा जुना धंदा आहे. यात एकही वस्तू खोटी नसते, खोटा असतो तो फक्त त्यांचा एकत्र येण्याचा इतिहास. अशा वेळी क्रॉसऐवजी सोबतच्या वस्तूंकडे पाहावे: पेटी, पत्रे, एकाच जुन्या पट्टीवर शिवलेली पदके आणि त्या शिलाईचा दोरा. फीत बदललेली असणे हा दोष नाही, सैनिक स्वतःही ती बदलत. पण जुनी म्हणून दाखवलेली फीत अतिनील दिव्याखाली निळसर चमकली, तर ती नव्या धाग्याची आहे. व्हिक्टोरिया क्रॉसचे प्रकरण निराळे आहे. त्याच्या टांगण्याच्या पट्टीमागे नाव आणि पलटण, तर मागच्या वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरलेली असते, त्यामुळे मराठा पलटणीचे मानकरी यशवंत घाडगे यांच्यासाठी १० जुलै १९४४ आणि नामदेव जाधव यांच्यासाठी ९ एप्रिल १९४५ याखेरीज दुसरी तारीख संभवत नाही. असे पदक बाजारात आले तर तपासणी तुमच्या-माझ्या भिंगावर सोडू नये. १८५६ मध्ये हे पदक सुरू झाल्यापासून ते बनवणाऱ्या लंडनच्या हॅनकॉक्स पेढीकडेच चौकशी जावी.

स्वातंत्र्योत्तर चक्रांविषयी थोडक्यात. परमवीर, महावीर आणि वीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानली गेली. संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर नावे शोधता येतात. इथे गोंधळ होतो तो छावण्यांजवळच्या दुकानांत मिळणाऱ्या 'टेलर कॉपी'मुळे, कारण अस्सल पदक घरी जपून अंगावर प्रत लावण्याची सैनिकांची पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही. पुढे तीच प्रत वारसांकडून अस्सल समजून विकली जाते. हुद्द्याची परीक्षा इथेही चालते: १९४८ च्या काश्मीर युद्धातल्या पदकावर 'नायब सुभेदार' दिसला तर थांबावे, कारण १९६५ पर्यंत तो हुद्दा 'जमादार' होता.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. विक्रेत्याकडून पदक कोणाकडून आले याचा लेखी उल्लेख, दोन्ही बाजूंची आणि संपूर्ण कडेची छायाचित्रे, आणि नोंद न जुळल्यास परतीची मुदत मागावी. जो विक्रेता कडेचे छायाचित्र द्यायला कां-कूं करतो त्याच्याशी मी व्यवहार करीत नाही. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धाची पदके परदेशी लिलावात पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. आणि सैनिकाचे कुटुंब पदक विकायला आले, तर किंमत सांगण्याआधी त्यांना राजपत्रातली नोंद काढून दाखवावी. नोंद वाचल्यावर काही जण पदक परत घरी नेतात. ती नोंद तरीही आपल्या वहीत उतरवून ठेवावी, कारण त्या नावाचे दुसरे पदक पुढे कधी बाजारात दिसले तर ते खोटे आहे हे सांगायला तेवढी एक ओळ पुरते.