रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच? आतड्याच्या सुजेची लक्षणं ओळखताना या चुका टाळा

मे महिना, माळ्यावर आंब्यांची अढी. शौचाला रक्त आणि चिकट आव दिसली तशी आई म्हणाली, “उष्णता झाली हा तुका. सोलकढी पी आणि गप रव.” प्यायलो. मग ओळखीच्या डॉक्टरांनी न तपासताच मूळव्याधीचं मलम दिलं, त्यानंतर आवेच्या गोळ्या, मधे शेजारच्या काकींनी कुड्याच्या सालीचा काढा. गणपती येऊन गेले तरी रक्त सुरूच. दिवाळीनंतर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली आणि निदान निघालं: अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराची जुनाट सूज आणि व्रण. सहा महिन्यांत ज्या चुका केल्या, त्या सांगतो.

रक्त दिसलं की मूळव्याध

मूळव्याधीत रक्त बहुधा लालभडक असतं, शौचाच्या शेवटी टपटपतं किंवा वरून लागलेलं दिसतं. शौच मात्र बांधून होते. कोलायटिसमध्ये रक्त पातळ शौचात आणि आवेत मिसळलेलं असतं. कळ येते, धावत जावं लागतं, आणि बसल्यावर पडतं ते चमचाभर. उठावं तर पुन्हा कळ. हे कुंथणं मला दिवसातून आठ-दहा वेळा होत होतं आणि मी मलम लावत बसलो होतो! मूळव्याध आणि कोलायटिस एकाच माणसाला असू शकतात, त्यामुळे मोड सापडले म्हणून शोध थांबवायचा नाही. चाळिशीपुढच्या माणसाने तर अजिबात नाही, तिथे कॅन्सरही नाकारावा लागतो.

रात्र मोजली नाही

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. आमचा संडास मागीलदारी, घरापासून वीसेक पावलांवर. जुलैच्या पावसात रात्री दोनदा छत्री आणि बॅटरी घेऊन जायचो आणि खापर फोडायचो रात्रीच्या कुळथाच्या पिठीवर. आतडं नुसतं संवेदनशील असेल, म्हणजे ज्याला आयबीएस म्हणतात, तर ते दिवसा छळतं, पण गाढ झोपेतून सहसा उठवत नाही. त्यात रक्त पडत नाही, ताप येत नाही, वजन उतरत नाही. झोप मोडून शौचाला जावं लागत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही. एसटीने घाट चढायच्या आदल्या दिवशी जेवण टाळावंसं वाटतं का, तेही सांगा. मी कशेडीच्या धास्तीने मुंबईची दोन लग्नं चुकवली. ते लक्षण आहे हे डोक्यातही आलं नाही.

पावसाळा आहे, होतंच

विहिरी गढूळ झाल्या की हगवणीची साथ आपल्याकडे नवी नाही, त्यामुळे सुरुवातीला जंतूंचा संशय घेणं बरोबरच. पण संसर्गाची हगवण बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आवरते. चार आठवडे उलटले तर शौचाची तपासणी न करता मेट्रोनिडॅझोलचा, म्हणजे आवेच्या गोळ्यांचा, आणखी एक कोर्स घेऊ नका. मला काढ्याने पंधरा दिवस बरं वाटलं होतं. पण हा आजार मुळातच चढतो-उतरतो, म्हणून त्या वेळी जे घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं.

फक्त पोटाकडे पाहणं

सांधे सुजणं, डोळे लाल होऊन दुखणं, तोंडात वारंवार फोड, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी, मुलांची उंची खुंटणं हेही याच आजाराचं असू शकतं. क्रोन्स हा आतड्याच्या जुनाट सुजेचाच दुसरा प्रकार. त्यात तर रक्त दिसेलच असं नाही: उजवीकडे ओटीपोटात दुखणं, वजन घटणं, गुदद्वाराजवळ पुन्हा पुन्हा भगंदर. १९३२ साली बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला हा विकार मांडला. नेमकी तीच जागा आपल्या देशात आतड्याच्या क्षयालाही आवडते! दोन्ही इतके सारखे दिसतात की बायोप्सीने, म्हणजे आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासूनही, कधी उलगडा होत नाही. म्हणून कुणाच्या चिठ्ठीवरून स्टेरॉइड आणून घेऊ नका. क्षय असेल तर तो उसळतो. सांधेदुखीवर डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळीही विचारल्याशिवाय नको, त्याने आतड्याची सूज भडकू शकते.

डॉक्टरकडे हात हलवत जाणं

लाजेपोटी मी “पोट बिघडलंय” एवढंच सांगायचो. मग एक जुनी वही केली: तारीख, किती वेळा, त्यात रात्री किती, रक्त, ताप, वजन. दोन आठवड्यांची पानं पाहून पोटविकारतज्ज्ञांनी पाच मिनिटांत हिमोग्लोबिन, सीआरपी (रक्तातून सूज दाखवणारी तपासणी) आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन लिहून दिलं. कॅलप्रोटेक्टिन वाढलं म्हणजे आतड्यात सूज आहे एवढंच कळतं, ती कशाची ते नाही. त्यासाठी कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी लागतेच. आदल्या दिवशी बीट खाऊ नका, लाल रंग पाहून उगाच धडकी भरते.

वाट पाहायची नाही ती वेळ

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, सोबत ताप किंवा नव्वदच्या वर नाडी, किंवा फुगून दुखणारं पोट: अशा वेळी शौच थांबवणारी लोपेरामाइडची गोळी घेऊ नका, आतडं फुगून फुटायचा धोका असतो. सकाळच्या गाडीची वाटही पाहू नका. जिथे रात्रीही शस्त्रक्रिया होऊ शकते असं रुग्णालय गाठा. आमच्या कुडाळच्या बाजूची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. जाताना वही आणि जुने रिपोर्ट पिशवीत टाका.